कूलंटची परीक्षा

माझ्या सासऱ्यांनी गेटच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा चूक खांबाची होती. तो पूर्वी सरळ होता, हल्ली झुकलाय, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या उभ्या स्कूटरला हॉर्न वाजवून वाट मागितली आणि ती हलेना म्हणून तिला चार शब्द सुनावले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतला पडदा झिजलाय, तो काही परत येणार नाही. त्यावर बाबांचं मत असं, की डॉक्टरांचं मशीन जुनं आहे.

शेवटी सासूबाईंनी गाडीची किल्ली मागितली. बाबा देईनात. आयुष्यभर त्यांनी या गाडीला गॅरेजचं तोंड दाखवलं नव्हतं. ऑइल, प्लग, ब्रेक, सगळं दारातच. आमच्यापैकी कोणालाही कुठंही सोडायचं असेल तर ते बोलावण्याआधी तयार असत. गाडीत बसलं की किल्ली फिरवायची, काचेवर पाण्याचा फवारा मारायचा, वायपर दोनदा फिरवायचा आणि मगच गियर टाकायचा, हा त्यांचा नेम. काच लख्ख असली तरी, बाहेर पाऊस कोसळत असला तरी.

"रविवारी कूलंट बदलायचंय," ते सासूबाईंना म्हणाले. "मी एकटा बदलतो. एक जरी चूक झाली तर किल्ली तुझ्या कपाटात. नाही झाली तर डोळ्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासूबाईंनी अट लगेच मान्य केली आणि पंच म्हणून मला नेमलं.

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. मला येताना पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला लागतात. खोटं माप माझ्या हातून पास होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाही त्याचं कौतुक नाही. खरं तर हे काम नवऱ्याचं, वडील त्याचे. पण तो म्हणाला, "मला बाबांच्या तोंडावर चूक म्हणता यायचं नाही." हे सांगताना त्यानं पेपर तोंडासमोर धरला होता.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. बॉनेट उघडलं, रेडिएटरवर तळहात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली, झाकण काढलं. सासूबाई स्वेटर भिजवतात तो पसरट टब खाली सरकवला. मग आडवं पडून त्यांनी हात आत घातला आणि तळाचा बोल्ट पहिल्याच प्रयत्नात धरला. जुनं कूलंट टबात पडायला लागलं.

"रंग कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"तांबूस."

"मला दिसतंय. तुझी परीक्षा घेत होतो."

दोन बोटांत थेंब चोळून त्यांनी हुंगला. म्हणाले, गंज उतरलाय, वेळेवर काढलं. टबातलं सगळं त्यांनी लगेच कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावलं, कारण ते गोड असतं, मांजरं चाटतात आणि मरतात. मग डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, तेही काढून टाकलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. एवढं होईतो अकरा वाजले. मी खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि मला एकही खोट सापडत नव्हती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, नाहीतर मला किती बरं वाटतंय ते कळलं असतं.

नवीन कूलंट गुलाबी होतं. बाबांनी ते नरसाळ्यातून रेडिएटरमध्ये ओतलं. आवाजावरून कुठवर भरलं ते त्यांना कळत होतं, थेंबही बाहेर सांडला नाही. हीटर पूर्ण वाढवून इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर आली, तो आवाज थांबल्यावर थोडं अजून घातलं आणि झाकण लावून इंजिन बंद केलं. आता उरलेलं कूलंट बाजूच्या छोट्या टाकीत घातलं की संपलं.

त्यांचा हात त्या टाकीच्या झाकणावर होता. बरोबर झाकणावर. तेवढ्यात सासूबाईंनी गॅलरीतून विचारलं, "चहा ठेवू का?"

"ठेव," बाबा वर तोंड करून म्हणाले. हात परत आला तो शेजारच्या झाकणावर. त्या झाकणावर वायपरचं चित्र आहे, चांगलं ठसठशीत. बाबांनी ते उघडलं आणि उरलेलं सगळं कूलंट वायपरच्या पाण्याच्या टाकीत ओतलं. शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

"पंच, काही शेरा?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. सासूबाईंचा आला, चहाचा आला, पेपरामागच्या नवऱ्याचा तर फारच आला.

"काही नाही," मी म्हटलं.

बाबा हात धुवायला आत गेले. जेवणानंतर सगळे आडवे झाले की टाकी उपसायची आणि नवा कॅन आणून योग्य जागी भरायचा, असा मी बेत केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण बाबा किल्ली वाजवत परत आले.

"चल, एक चक्कर मारू."

सासूबाई आणि नवरा गॅलरीत येऊन उभे राहिले. मी बाबांच्या शेजारी बसले. त्यांनी किल्ली फिरवली, त्यांचा हात स्टिअरिंगमागच्या दांडीकडे गेला आणि मला त्यांचा नेम आठवला. तेव्हा उशीर झाला होता.

काचेवर गुलाबी फवारा उडाला. वायपर दोनदा फिरला आणि त्यानं ते इकडून तिकडे नीट सारवलं.

बाबांनी गियर टाकला नाही. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी काचेला बोट लावलं, मग ते बोट अंगठ्यावर चोळलं आणि हुंगलं.

"हे टाकीत कोणी ओतलं?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा."

त्यांनी वायपर आणखी एकदा फिरवून समोर बघितलं. समोर बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय झालं हो?" सासूबाईंनी वरून विचारलं.

बाबांनी डोकं बाहेर काढलं. "तुझ्या सुनेनं घोळ घातलाय. कूलंट वायपरच्या टाकीत ओतलं."

"तिनं?"

"तिनंच. नाकानं कांदे सोलते आणि साधं झाकण ओळखता येत नाही."

नवरा हसला. लग्नानंतर इतका मनापासून हसलेला मी त्याला पाहिला नव्हता.

बाबांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि उतरून माझ्या बाजूला आले. "तिकडं सरक."

मला गाडी येते, पण या स्टिअरिंगला बाबांशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता.

"कशाला?"

"रोज चालवल्याशिवाय तुला कुठलं झाकण कशाचं ते कळायचं नाही. मी शेजारी बसेन."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ती गरम होती.

"आईंच्या कपाटात ठेवायची नाही?"

"का? चूक मी केलीय का?"

मी टाकी उपसली, बादलीभर पाण्यानं काच धुतली. कोपऱ्यावरच्या, गाड्यांचं ऑइल विकणाऱ्या दुकानातून कॅन आणून कूलंट योग्य जागी, वरच्या रेषेपर्यंत भरलं. बाबा बोटानं झाकण चाचपून बरोबर बसलंय का ते बघून गेले. मग आम्ही निघालो.

"पुढं डावीकडं खड्डा," ते म्हणाले. खड्डा होता. "आता गतिरोधक." तोही होता. ते हात मांडीवर ठेवून निवांत बसले होते, आणि मला त्यांची माया येत होती आणि भीतीही वाटत होती.

"आता पिवळी भिंत येईल. ती संपली की उजवीकडे. आली का?"

ती भिंत पाडून वर्ष झालं होतं. तिथं मोकळी जागा होती आणि पत्र्याचं कुंपण. वर्षभर बाबा इथूनच रोज वळत होते.

"आली," मी म्हटलं, आणि वळले.