आयत तम्लीलची लिफ्ट

आयत तम्लील गावच्या बायकांना पाणी हवं होतं. झरा खाली दरीत, गाव वर डोंगराच्या खांद्यावर. गाढवावर कॅन लादून एक खेप केली की सकाळ संपली. म्हणून सरकारने ‘एक गाव, एक कंपनी’ ही योजना काढली, तेव्हा बायकांच्या संघाची प्रमुख लाल्ला इत्तो, म्हणजे इत्तोबाई, गावचा मुकादम बास्सू याच्या ओट्यावर जाऊन बसली. गावातले सरकारी अर्ज बास्सूच भरायचा.

अर्जात गरजेसाठी एकच ओळ होती. बास्सूने बराच विचार करून लिहिलं, ‘खालचं वर आणण्याची सोय व्हावी.’

“यात पाणी कुठंय?” इत्तोने विचारलं.

“पाणी लिहिलं की कागद पाणीखात्यात जातो. तिथून आजवर कुठला कागद परत आलाय, तूच सांग.”

इत्तोला ते पटलं. तिने अंगठा उठवला.

सहा महिन्यांनी कासाब्लांकाहून ट्रक आले. गाव ज्या कंपनीच्या वाट्याला आलं होतं, ती लिफ्ट बनवत होती. तिचे मॅनेजर सी लह्बाबी, म्हणजे लह्बाबीसाहेब, स्वच्छ बूट घालून चिखलातून आले आणि म्हणाले, “तुमची गरज आम्हाला नेमकी कळलीय.”

“दरीत बसवणार का?” इत्तोने आशेने विचारलं.

“दरी वनखात्याची. आम्हाला शाळेजवळची जागा मिळालीय.”

“शाळा तर बैठी आहे, सी लह्बाबी. अख्खं गावच बैठं आहे.”

“म्हणून तर वरचा मजला बांधतोय. लिफ्टला जायला जागा नको?”

मनोरा उभा राहिला. खाली लिफ्टचं यंत्र, वर एक रिकामी खोली आणि खिडकी. जिना कुणाला सुचलाच नाही. पण यंत्राला मोठी वीज लागते म्हणून कंपनीने तारा ओढल्या, आणि लिफ्टच्या नावाने गावात पहिल्यांदा भरवशाची वीज आली. योजनेत बाई हवी म्हणून लिफ्ट चालवायचं काम इत्तोला मिळालं.

अट एकच. रोज चाळीस लाभार्थी वर गेले पाहिजेत. नाहीतर योजना फसली म्हणून वीजही जाणार. इत्तोने घरवार पाळ्या लावल्या. पहिले काही दिवस म्हातारे कुरकुरले. मग खिडकीत मोबाइलची रेंज येते हे कळलं आणि बेल्जियममध्ये मुलं असलेल्या आया आपणहून यायला लागल्या. हद्दा आजी तर जेवून वर जायची ती संध्याकाळीच उतरायची. सुनेचा आवाज तिथवर पोहोचत नाही, हे तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

वर्षभराने प्रांताचे गव्हर्नर बघायला आले. गव्हर्नर, लह्बाबी आणि बास्सू लिफ्टमध्ये शिरले. इत्तोने बटण दाबलं, आणि लिफ्ट मधेच थांबली.

“हलू नका,” इत्तो दाराला तोंड लावून म्हणाली. “मेकॅनिक मराकेशहून निघालाय. चार तास.”

“कुणी वर आहे का?” आतून गव्हर्नरांनी विचारलं.

“हद्दा आजी आहे. ती म्हणते, मला घाई नाही.”

दुसऱ्या तासाला गव्हर्नरांनी पाणी मागितलं. दाराच्या फटीतून पेला जाईल एवढी जागा होती.

“साहेब, सकाळचं संपलं. आता गाढव खाली पाठवते.”

“कुठं खाली?”

“दरीत.”

“किती वेळ लागतो?”

“जायला पाऊण तास. यायला जास्त, भरलेलं गाढव सावकाश चढतं.”

मग गव्हर्नरांचा आवाज आला, “बास्सू, अर्जात काय लिहिलं होतंस तू?” बास्सूने काय उत्तर दिलं ते बाहेर ऐकू आलं नाही. मेकॅनिकच्या आधी गाढव पोहोचलं. गव्हर्नर चार पेले पाणी प्याले.

महिन्याभरात आदेश आला. पाण्यासाठी वेगळी मंजुरी नव्हतीच. या गावात खर्च फक्त लिफ्टवर करता येत होता. म्हणून ‘लिफ्टमध्ये अडकणाऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था’ मंजूर झाली. दरीत पंप बसला, डोंगरावरून पाइप आला. नळ लिफ्टच्याच इमारतीत हवा असा नियम. खालचा मजला यंत्राने भरलेला. म्हणून नळ वरच्या खोलीत.

आता बायका रिकामे कॅन घेऊन वर जातात आणि भरलेले घेऊन खाली येतात. एका वेळी दोन बाया आणि आठ कॅन, असा हिशेब इत्तोने ठरवून दिलाय. हातावर फोड येत नाहीत, गाढवं उन्हात झोपतात.

मध्यंतरी लह्बाबींचा फोन आला. “लाल्ला, रोज तीनशे फेऱ्या? एवढं वर करतात तरी काय लोक?”

“पाणी भरतात.”

“हे अहवालात नाही लिहिता येणार. आमची कंपनी पाण्याची नाही.”

“मग असं लिहा,” इत्तो दार लावत म्हणाली, “वर जातात आणि खाली येतात.”