हदार राजाच्या बापाचं नाव

आमची तालिया भारी हट्टी. हट्ट कुणाकडून आला ते मला विचारू नका. पोर तेरा वर्षांची झाली की तिला सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला पुढे बोलावतात, आणि बोलावताना बापाचं नाव लावतात. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांत, पेणला हा मान फक्त मुलग्यांना होता. इथे विलायतेत एजवेअरला मुलींनाही आहे.

पण तालिया म्हणाली, "डॅडचं नाव घेणार असतील तर मी पुढे जाणारच नाही. कॅन्सल करा."

डॅड म्हणजे माझा जावई, एली. घर सोडून मँचेस्टरला गेला तो गेलाच. पोरीच्या वाढदिवसाला फोनसुद्धा नाही मेल्याचा. माझी लेक दीना हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करून पोर वाढवतेय. तरी मी ठणकावलं, "बापाचं नाव नाही म्हटल्यावर लोक काय समजतील?" दीना रडकुंडीला आली. मग घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

रविवारी मी नारळ खोवत होते, तर तालिया पुस्तक घेऊन किचनमध्ये आली. तिच्या वाट्याच्या उताऱ्याच्या शेवटी अदोम नावाच्या जुन्या देशाच्या राजांची नावं आहेत. हा मेला, तो गादीवर बसला. तो मेला, पुढचा बसला. वाचता वाचता झोप लागावी असला प्रकार.

"आजी, हा लास्टवाला बघ. हदार. त्याचं शहर दिलंय, पाऊ. त्याची बायको दिलीये, मेहेतबेल. त्याचा बाप कुठेय?"

मी चष्मा लावून बघितलं. खरंच नव्हता.

"आणि बायको कुणाची? मात्रेदची मुलगी. मात्रेद कुणाची? मेजाहाबची मुलगी. आईचं नाव, आजी! तरी हदार किंग आहे ना? लोक काय समजले?"

कार्टीनं माझेच शब्द माझ्या पदरात घातले. आधी राग आला, मग नारळ बाजूला ठेवला. एवढ्या राजांमधून या पोरीनं बरोबर बिनबापाचा शोधून काढला होता.

"बरं बाई, आईचं लाव," मी म्हणाले. "पण पुढे जा."

शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेला, मी पहिल्या रांगेत बसले. आमच्या धर्मगुरू रबाय बाईंनी हिब्रूत पुकारलं, "तालिया बात दीना." बात म्हणजे लेक. दीनानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं. पण रबाय बाई थांबल्या नाहीत.

"बात रिबका."

रिबका म्हणजे मी! पेणला आम्ही बायका मागे बसायचो. पुढून बापाचं नाव ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं, दिरांची ऐकली. माझं कधी कुणी घेतलं नव्हतं, आणि घ्यावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

मी मोठ्यानं "आमेन" म्हणाले. आमेनची वेळ झाली नव्हती. सगळे वळून बघायला लागले. बघू देत.