मधली पानं

निवृत्त झाल्यावर सिस्टरने एक नेम धरला. आयुष्यभर ज्यांना घाबरून बाजूला ठेवलं, ती जाडजूड, अवघड पुस्तकं एकेक करून वाचून काढायची. इस्पितळातल्या पाळ्यांनी तिला कधी मासिक चाळण्यापलीकडे सवड दिली नव्हती. पहिली दोन पुस्तकं तिने नेटाने संपवली. तिसरी कादंबरी म्हणजे मात्र लोखंडाचे चणेच. एकदा सुरू झालेलं वाक्य पान उलटलं तरी थांबायचं नाही. कोण बोलतंय, कोण नुसतंच आठवतंय, थांगपत्ता लागायचा नाही.

प्रत जुन्या बाजारातली, पानं निखळलेली. नवरा बाइंडर. जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. "आण इकडे, बांधून देतो," म्हणाला. पण दोन दिवसांचं काम त्याने रेंगाळत ठेवलं. तिने विचारलं की म्हणायचा, "खळ वाळू दे गं."

पुस्तक हातात आलं ते नव्या कापडी पुठ्ठ्यात, देखणं. ती रोज सकाळी खिडकीशी वाचत बसायची. निम्म्यावर आल्यावर गाडी अडली. कथेतली धाकटी पोर, जिच्या बडबडीच्या आधाराने सिस्टर त्या रानातून वाट काढत होती, ती एकाएकी दिसेनाशी झाली. घरातली माणसं कुणी कुणाशी बोलेनात. सिस्टरने मागची पानं पुन्हा वाचली, आणि आपलंच डोकं चालत नाही म्हणून स्वतःला बोल लावला.

शेवटी तिने वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना गाठलं. "बाई, मला अडाणी म्हणा हवं तर. ती पोरगी गेली कुठे?"

"अहो, बुडाली नाही का ती! कालव्यात. सगळ्या कादंबरीचा जीवच तिथे आहे."

सिस्टरने टेबलाची कड घट्ट धरली. तिची लेक चिमीही कालव्यातच गेली होती, नुकती शाळेत जायला लागलेली. त्यानंतर घरात कुणी तिचं नाव काढलं नव्हतं.

घरी येऊन तिने पानांचे आकडे पाहिले. मधला अख्खा फर्मा, सोळा पानं, गायब. शिलाई इतकी सफाईदार की बोट फिरवूनही कळू नये.

"तुम्ही काढलात?"

तो सुरीला धार लावत होता. हात थांबला. "हो."

"आत काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?"

"वाचलं. पहिल्यापासून, ओळीवर बोट ठेवून. मागे ती पोराच्या आजारपणाची गोष्ट वाचून तू अंथरूण धरलंस. म्हटलं, या खेपेला आधी आपण बघावं."

"कुठायत पानं?"

"जाळली."

"माझ्यासाठी?"

तो पुठ्ठ्यांच्या थप्पीकडे बघत राहिला. "मला नको होती घरात."

तेव्हा सिस्टरचा बांध फुटला. "पाण्यातून तुम्ही काढलंत तिला. मला नुसती चादर दाखवलीत, चेहरासुद्धा बघू दिला नाहीत. आता पुस्तकातलंही बघायचं नाही मी?"

"बघण्यासारखा नव्हता गं."

"परकी मढी धुतली मी इस्पितळात! माझ्या पोरीची बारी आली तेव्हा मला कोपऱ्यात बसवलंत."

तो पुन्हा सुरीला धार लावू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयात बसून तिथल्या प्रतीत ती पानं वाचली. बुडणं जेमतेम पानभर होतं. बाकी सगळ्या पानांत आई पोरीचे केस पुसत होती. चिखल काढत होती, गुंता सोडवत होती, आणि ते लांबच लांब वाक्य थांबतच नव्हतं. सिस्टरला या खेपेला एकही शब्द अवघड गेला नाही. ग्रंथपालबाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो तसाच राहिला.

"तिथल्या आईला केस पुसू देतात," घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली. तो भरल्या ताटावरून उठला.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. ती वाचत राहिली. पुस्तक संपलं त्या दुपारी तो दारात येऊन उभा राहिला.

"त्या बाईचं पुढे काय होतं?"

"तुम्ही वाचलंत ना?"

"तिथपर्यंतच. पुढे हिंमत झाली नाही."

"जगते."

"नवऱ्याशी बोलते?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो कामाला जाऊन बसला.