हळदीत रंगवलेला झेंडा

मित्रांनो, मी एका जुन्या राज्याचा जुना झेंडा आहे. ते राज्य आता नकाशावर नाही, आणि मी एका पत्र्याच्या पेटीत घडी होऊन पडलो आहे. माझा रंग इतका विटला आहे की अनोळखी माणूस मला फाटके धोतर समजेल. हळद उन्हात टिकत नाही, आणि मी हळदीचा होतो.

त्या काळी आपल्या धाराशिव जिल्ह्यावर निजामाचा अंमल होता. निजामाचा झेंडा पिवळा, आणि मध्ये पांढरी गोल चकती. ही चकती म्हणजे कुलचा, एक प्रकारची रोटी. अशी कथा सांगत की पहिल्या निजामाला एका साधुपुरुषाने पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे दिले. त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य टिकेल असा आशीर्वाद मिळाला. आमच्या गावात कुलचा कोणी पाहिला नव्हता. तिथे मला सगळे 'भाकरीचा झेंडा' म्हणत. शहरातल्या झेंड्यांवर उर्दू अक्षरेही असत. ती कोणाला काढता येईनात, म्हणून मी बिनअक्षरी राहिलो.

माझा जन्म सत्तेचाळीस साली ईट गावाजवळच्या एका खेड्यात झाला. चावडीवर नवा झेंडा लावा, असा हुकूम आला होता आणि बाजारात रंगीत कापड मिळत नव्हते. तेव्हा कापडाचे दुकान चालवणाऱ्या सिद्धम्माने घरातला मांजरपाट काढला. तुरटीच्या पाण्यात भिजवून तो हळदीत उकळला. पांढऱ्या कापडावर ताट पालथे ठेवून चकती कापली आणि बारीक टाक्यांनी माझ्यावर शिवली.

गावचा कोतवाल हरिबा मला सकाळी चढवी आणि संध्याकाळी उतरवी. माझा कोणताही कोपरा त्याने कधी जमिनीला लागू दिला नाही. तो कोणत्या राज्यावर प्रेम करतो, हे त्याला कोणी विचारले नव्हते. चावडीची चाकरी त्याच्याकडे होती, एवढेच.

पुढे हद्दीपलीकडे तिरंगा फडकला. इकडे मात्र मीच राहिलो. तेव्हापासून लोक माझ्याकडे बघताना डोळे फिरवू लागले. मी तोच होतो, माझा एक धागाही बदलला नव्हता. बघणारे बदलले होते. शेजारच्या गावात चावडीवरचा झेंडा फाटलेला सापडला, तर तिथल्या कोतवालाला पोलिसांनी धरून नेले. तो परत आला नव्हता.

अशात निरोप आला की पोलीस अमीन, म्हणजे निजामाचे फौजदार, दुपारी गावात येणार आहेत. माझ्यावर कावळ्यांनी घाण केली होती. हरिबाची बायको कडूबाई म्हणाली, "असा मळका दावता का सायबाला? द्या हिकडं." तिने मला धुण्याच्या सोड्यात बुचकळले, खसाखसा चोळले आणि वर काढले. मी लालभडक झालो होतो.

मित्रांनो, हळदीला सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते. पण कडूबाईच्या घरी हळदीत रंगवलेले कापड कधी आलेच नव्हते. तिच्या तोंडचे पाणी पळाले. "संपलं," हरिबा म्हणाला. "झेंडा बदलला म्हणून मला नेत्याल आता."

तेवढ्यात शेजारचा व्यंकट आला. हा तरणा गडी स्वातंत्र्याच्या सभांना चोरून जाई. मला बघून त्याचे डोळे चमकले. "असूच द्या काकू! देवानंच रंग बदलला. लावा तसाच. बघू द्या अमीनाला!"

कडूबाई ताडकन उठली. "व्हय रं? झेंडा तुझा, आन् मान माझ्या मालकाची?"

व्यंकट खाली बघत म्हणाला, "चुकलं, काकू. काय आणू सांगा."

"सिद्धम्माक्काला आण. पळ!"

सिद्धम्मा आली. मला उलटेपालटे करून म्हणाली, "अगं कडू, हळदीत खार घालूनच घरी कुंकू करत्यात की. रडतीस काय? लिंबं आण."

व्यंकट मळ्यात पळाला आणि धोतराच्या ओच्यात लिंबे घेऊन आला. सगळ्यांनी मिळून ती घमेल्यात पिळली. मला त्यात बुडवले आणि लाली डोळ्यांदेखत उतरू लागली. आधी नारिंगी, मग पिवळा. हरिबाने मला ओलाच खांबावर चढवला, तोच वेशीत घोडा दिसला.

अमीनसाहेबांनी घोड्यावरूनच माझा कोपरा चिमटीत धरला. "गीला कायकू है?"

"आपण येणार म्हणून धुतला, सरकार."

साहेबांनी बोटे हुंगली. "नींबू? झंडा है के अचार?"

सगळे हसले. हरिबाही हसला, आणि घोडा वेशीबाहेर जाईपर्यंत खांबाला धरून उभा राहिला.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि निजामाचे राज्य संपले. गाव चावडीपुढे जमले. कोणीतरी दोरी कापली आणि मी मातीत पडलो. "ह्याला रोज चढवणारा कुठंय?" गर्दीतला धोंडप्पा ओरडला. हरिबा दाराला कडी लावून घरात बसला होता. काही लोक तिकडे निघाले. व्यंकट त्यांच्या आधी दाराशी पोहोचला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"काका, भाईर या. तिरंगा चढवायचाय."

"निजामाचा माणूस आपला झेंडा चढवणार?" धोंडप्पाने विचारले.

"चावडीची चाकरी तुझ्याकडं असती, तर तू काय लावला असतास खांबाला? तुझं धोतर?"

लोक हसले, आणि हसणाऱ्यांचे हात सैल पडले. कडी निघाली. हरिबाने कापलेली दोरी जोडली, नव्या झेंड्याची गाठ बांधली आणि तो चढवला. कोणी मला जाळायला काडी शोधू लागले, तर कडूबाई म्हणाली, "धड कापड हाय, जाळायचं कशाला?" आणि तिने मला उचलून काखेत धरले.

मित्रांनो, मला परत चढवा असे मी म्हणत नाही. माझे राज्य संपले, ते बरेच झाले. तुमचा झेंडा तुम्ही जपा. तो मळू देऊ नका, धुण्याआधी त्याचा रंग कशाचा आहे ते जाणून घ्या. आणि त्याच्याकडे मान वर करून बघाल, तेव्हा दोरी कोणाच्या हातात आहे तेही बघा. त्या दिवशी सगळे गाव वर बघत होते. हरिबाने नव्या झेंड्याचाही कोपरा जमिनीला लागू दिला नाही. मी खाली होतो, म्हणून मला दिसले.