शेळीही तोंड लावत नाही, ती मी सदाफुली

मी टेंभुर्णीची सदाफुली. राधाकिसन आबांच्या अंगणात धुण्याच्या दगडाला खेटून उभी असते. मोगऱ्याला आळं, गुलाबाला शेणखत आणि माझ्या वाट्याला कपडे धुतलेलं पाणी. त्या साबणाच्या पाण्यावरही मी बारा महिने फुलते, याचा मला थोडा ताठा आहे. खोटं कशाला बोलू?

माझे पूर्वज समुद्रापलीकडच्या मादागास्कर बेटावरचे. मी मात्र पक्की इथलीच. एका मुंगीनं माझं बी दगडाच्या फटीत आणून टाकलं आणि ती विसरून गेली.

आबांच्या घरी पिढ्यानपिढ्या शेळ्या. आता एकच उरलीय, चंद्री. या चंद्रीनं काय खाल्लं नाही? जास्वंद खाल्ली, तुळस खाल्ली, सूनबाईंची नवी चप्पल अर्धी चघळली. मला मात्र तिनं एकदाच चाखलं आणि जी शिंकत सुटली, ती पुन्हा इकडे फिरकली नाही. कारण माझ्या पानातला कडू रस. किडे आणि गुरं दूर राहावीत म्हणून तो मी स्वतः बनवते. आधी दोन निरनिराळे पदार्थ तयार करते, मग ते एकमेकांना जोडते. शिकलेली माणसं अशा पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. मी त्याला माझा स्वयंपाक म्हणते, फक्त तो कुणाला गोड लागत नाही.

मला तोडणारा हात एकच, शिवकन्येचा, आमच्या शिवाचा. आबांची ही आठ वर्षांची नात शाळेला निघताना एक फूल वेणीत खोचायची आणि मला सांगायची, "येते गं."

मागच्या वर्षी शिवाला रक्ताचा कॅन्सर निघाला. तिची आई वर्षाराणी तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात राहिली. परत आली तेव्हा शिवाच्या डोक्यावर वेणी नव्हती, ओढणी बांधलेली होती. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आले गं." मला रडूच कोसळलं असतं, पण झाडाला ती सोय नाही.

दुसऱ्या दिवशी धुणं धुता धुता वर्षाराणी सासूला, गोपिकाबाईंना म्हणाली, "आत्याबाई, शिवाला जे इंजेक्शन देऊन राह्यलेत ना, ते म्हणं ह्या सदाफुलीच्या पाल्यातूनच काढत्यात."

मी अशी फुलून आले की विचारू नका! पण गोपिकाबाईंनी भलताच हिशेब केला.

"अगं मंग दारात दवा आसून लेकराला सुया कशाला टोचायच्या? आता न्हाई न्यायचं तिला दवाखान्यात!"

वर्षाराणी शेतात गेल्याबरोबर त्यांनी माझा ओटीभर पाला ओरबाडला, खलबत्त्यात कुटला, गूळ घालून लाडू वळले. त्यात नातीची माया काठोकाठ होती. माझा मात्र जीव टांगणीला लागला. माझ्या रसात काय काय आहे, ते मलाच ठाऊक!

शिवानं हात पुढे केला, तेवढ्यात आबा आले.

"थांब. आधी चंद्रीला दाखव."

ही या घरची जुनी रीत. नवा चारा असो की अनोळखी रानभाजी, आधी शेळीपुढे धरायची. गूळ म्हणजे चंद्रीचा जीव की प्राण. ती धावत आली, मान लांब केली, हुंगलं, शिंकली आणि वळून गोपिकाबाईंचा पदर चघळायला लागली.

"बघ," आबा म्हणाले, "लुगडं खाऊन राह्यली, पर तुझा लाडू न्हाई. माझी नातबी खानार न्हाई."

"शेळी काय डाक्टर हाय व्हय?"

"न्हाई. म्हणून आता डाक्टरलाच इचारू. जल्दी बोलाव सूनबाईला."

वर्षाराणी धापा टाकत आली. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. गाडीभर वाळल्या पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, ते शुद्ध करून, मोजून फक्त शिरेतून देतात. पाला पोटात गेला तर पोरीच्या जिवावर बेतेल. शिवाय एकही खेप चुकवायची नाही. गोपिकाबाईंनी लगेच परसात खड्डा खणला. लाडू खड्ड्यात पुरले आणि पुढच्या खेपेला त्या स्वतः नातीला घेऊन एसटीत बसल्या.

माझं औषध आत करतं तरी काय? एका पेशीच्या दोन होताना ती आत बारीक दोऱ्या ताणते आणि त्यांच्या ओढीनं दोन वाटे होतात. मी त्या दोऱ्या वळूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशींना वाढायची भारी घाई, म्हणून त्या जास्त सापडतात. केसांच्या मुळांनाही घाईच, तीही सापडली. शिवाची वेणी नेणाऱ्यांत मी होते आणि शिवाला राखणाऱ्यांतही. जोडीला इतर औषधं होती, सगळं श्रेय मी घेत नाही.

तर बाबांनो, मला चावू नका, उकळू नका, लाडू तर मुळीच वळू नका. फूल हवं तेवढं घ्या, आणि जमलं तर कधी साबणाशिवायचं पाणी घाला.

शिवाच्या तपासण्या आता चांगल्या येतात. शाळा सुरू झालीय. केस बोटभर वाढलेत. रोज ती माझं फूल त्यात खोचते आणि फाटकाशी पोचायच्या आत ते गळून पडतं. आज फाटकाशी थांबून तिनं डोकं चाचपलं. फूल जागेवरच होतं. ती मागे वळून ओरडली, "येते गं!"