पंधरा किलोत दोघी

"तुझा काटाच खोटा," थोरली म्हणाली. बॅग काट्यावर होती आणि वजन सतरा किलोंच्या पुढे गेलं होतं.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिच्या लेकीला, बेबीला, पहिलं बाळ झालं होतं. बेबीनेच आम्हा दोघींची विमानाची तिकिटं काढली होती, सगळ्यांत स्वस्तातली. दोघींत मिळून पंधरा किलोंची एकच बॅग. "आलात तर दोघी या, नाहीतर कुणीच नको," असं तिने बजावलं होतं. लहानपणी ती दोन्ही स्वयंपाकघरांत जेवायची, तेव्हा एवढा हक्क तिचा होताच.

आम्ही दोघी मात्र वाटण्या झाल्यापासून कामापुरतंच बोलायचो. सासूबाईंच्या लोखंडी खलबत्त्यावरून जुंपली होती. शेवटी खल तिने नेला, बत्ता मी. ती खलात मोठ्या नटबोल्टाने मिरी ठेचायची, मी ओट्यावर बत्त्याने. मिरी घरभर उडायची, पण माघार कोण घेतो!

विमानात बसायच्या आनंदाने माझी झोपच उडाली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात माझा जन्म गेला, बॅग मीच भरणार होते. पण थोरलीने आपली अर्धी बाजू मला शिवू दिली नाही.

"ताई, तुमच्याकडचं काहीतरी काढा."

"का? तुझी बाजू काय पिसांची आहे?"

मी सरळ तिची शाल उपसली. आतून खल निघाला. थोरली ओशाळली.

"बेबीला द्यावा म्हटलं. माझ्यामागे कोण वापरणार?"

मला हसू आवरेना. मी माझा टॉवेल उलगडला आणि बत्ता तिच्यापुढे ठेवला. ती बघतच राहिली. मग पदराने डोळे पुसत हसली.

"किती वर्षं वाया घालवली गं आपण."

"घालवली खरी," मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

खलबत्ता न्यायचाच, मग बाकीचं काढणं आलं. साबण दोन, तेलाच्या बाटल्या दोन, टॉवेल, शाली, चपला, सगळंच दोन-दोन. प्रत्येकातलं एक बाहेर गेलं.

"कंगवा तुझाच राहू दे. माझ्याचे दात पडलेत."

"तुमच्यावरच गेलाय," मी म्हणाले. ती खो-खो हसली. काटा पंधराच्या खाली आला.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "दोघींत एकच बॅग?"

"एकच," थोरली ऐटीत म्हणाली.

बॅग पट्ट्यावरून निघाली. आत खणखण वाजलं आणि ती पडद्याआड गेली. तेव्हा आमच्या लक्षात आलं, सकाळच्या घाईत दोघींचेही केस विंचरायचे राहिले होते आणि कंगवा बॅगेत होता. थोरलीने आपल्या केसांवरून बोटं फिरवली. मग माझ्या.