आत्याने नेलेल्या चटया

पहिली चटई गेली तेव्हा त्या घरची लोसालीने नावाची सून काही बोलली नाही. बोलणार काय, कप्पाळ! नवऱ्याची थोरली बहीण दारात येऊन "ही मला लागेल" म्हणाली, की भावजयीने चटई झटकायची, गुंडाळायची आणि वर हसून तिच्या हातात द्यायची. या बेटांवर आत्याचा मान बापाहून मोठा. ती डुक्कर मागेल, होडी मागेल, मनात आलं तर भावाचं पोरही मागेल. नाही म्हणायची सोयच नाही.

पण दुसरी चटई गेली ती आकोसिताच्या अंथरुणातली. तेव्हा मात्र लोसालीनेच्या मनात पाल चुकचुकली.

आकोसिता तिची एकुलती एक. सात वर्षांची झाली तरी कोंबडा आरवला की पोर दोन्ही कान दाबून कोपऱ्यात शिरायची. चर्चची घंटा वाजली की ओकायची. आणि गाव कसलं, तर घरोघरी बायका ओंडक्यावर तुतीची साल कुटून कापड करणाऱ्या. सकाळपासून नुसतं ठक ठक ठक. लोसालीनेने आपली मोगरी केव्हाच आढ्याला टांगली होती. रेडिओ बंद, कुत्रा माहेरी धाडलेला, नवऱ्याला खोकायचं तर अंगणात. ऑकलंडच्या मामाने झाडं कापणारे मजूर कानांवर घालतात तसली जाड झाकणं पाठवली होती. ती पोरीच्या डोक्यावर सकाळी चढायची, ती निजतानाच उतरायची.

आणि आता या उनालोतो वन्सं! पोटी मूल नाही, घर हे एवढं मोठं, जीभ कोयत्यासारखी. शाळा सुटली की रोज पोरीला घेऊन जायच्या.

"कुठे नेता हिला, वन्सं?"

"माझ्या घरी. का गं? भाचीशी बोलायला तुझी परवानगी काढायची का आता?"

"तसं नाही. पण तुमच्या पडवीत सारखी कुटाकुटी चाललेली असते. तिला सोसत नाही."

"बघू," म्हणाल्या आणि चालू पडल्या. बघू! जिच्या पडवीत गावातला सगळ्यात मोठा ओंडका, तिच्याकडून पोर हसत परत येते, हे काय गौडबंगाल? लोसालीनेने पोरीला खोदून खोदून विचारलं. आकोसिता नारळाच्या रसातला मासा चिवडत म्हणाली, "सांगायचं नाही. अजून पुरतं झालं नाही."

काय झालं नाही? काय व्हायचंय? लोसालीनेने आपलं ताट बाजूला सारलं.

"सामिसोनी, तुझी बहीण माझी पोर गोड बोलून ओढतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी चटया, मग पोर. दिसत नाही तुला?"

सामिसोनी जाळं विणत होता. "मागितली तर तिचा हक्कच आहे. ती काय परकी आहे?"

"हक्क गेला खड्ड्यात!"

"हळू. पोर जागी होईल."

तिसऱ्या खेपेला वन्संनी लग्नातली चटई उचलली. बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "ही जाड आहे, बरी." असं कुणी म्हणतं? लग्नातल्या चटईची वीण बघतात, झालर बघतात, जाडी कोण बघतं? आणि दुसऱ्याच दिवशी आकोसिता स्वतःची उशी काखेत मारून निघाली.

"उशी कुठे नेतेस?"

"आत्याकडे. तिने मागितलीय."

चटई गेली, उशी गेली. आता राहिलं काय? लोसालीनेने कमरेचा पट्टा आवळला आणि थोडं अंतर ठेवून पोरीच्या मागे निघाली.

पडवीला झावळ्यांचा कूड होता. तिने फटीला डोळा लावला. आत ओंडका नेहमीसारखा दगडांवर नव्हता, चटयांच्या थप्पीवर निजवला होता. तिच्याच चटया! एका टोकाखाली उशी. ओंडक्यावर तुतीची अर्धवट कुटलेली साल, समोर मांडी घालून आकोसिता, हातात मोगरी. आणि कान उघडे.

"आणखी एक काढू?" वन्संनी विचारलं.

पोरीने विचार केला. "काढ. पण आधी मी हळू मारणार."

वन्संनी थप्पीतली एक चटई ओढून काढली. आकोसिताने खांदे वर घेतले, मोगरी मारली. ठक. तिचा चेहरा आंबट झाला. ती थांबली आणि पुन्हा मारली.

लोसालीने आत घुसली. तिने कोपऱ्यातली झाकणं उचलून पोरीच्या कानांवर दाबली आणि बसलेल्या वन्संच्या पुढ्यात उभ्याने ओरडली. असं गावात कुणी भावजय ओरडली नसेल. "चटया घ्या! डुकरं घ्या, घर घ्या! पण ही मिळायची नाही. माझी आहे ती!"

उनालोतो उठल्या नाहीत. "बस."

"नाही बसणार!"

"मग उभ्याने ऐक. मागायलाच आले होते मी, खोटं कशाला बोलू? म्हटलं, तुझ्या घरात पोरीला श्वास घ्यायचीसुद्धा चोरी, माझ्याकडे मोकळी वाढेल. चटया घालून आवाज दाबला, तिच्या हाती मोगरी दिली. आपल्याच हातचा आवाज, केव्हा येणार ते तिला ठाऊक. तर ही बया मारायच्या आधी रोज विचारणार, 'आईला ऐकू जाईल का?' म्हटलं, जाऊ दे की. तर म्हणे, 'नको, आई घाबरते.'"

"मी?" लोसालीनेने पोरीकडे पाहिलं. "मी घाबरते?"

आकोसिताने एका कानावरचं झाकण सरकवलं. "आवाज झाला की तुझं तोंड असं होतं." तिने डोळे घट्ट मिटले, ओठ ताणले, मान आत ओढली. "मग मला वाटतं, आता काहीतरी मोठ्ठं येणार."

अगदी तस्सं. नाही म्हणायला जागाच नव्हती. लोसालीनेला रडू फुटलं.

"पण तिचे कान खरंच दुखतात हो, वन्सं."

"दुखतात. मी कुठे नाही म्हणतेय? घंटेला ती झाकणं घालू दे की, जन्मभर घालू दे." उनालोतोंनी पदराला हात पुसावेत तसे मांडीवरच्या कापडाला हात पुसले. "आणि पोर मी मागत नाही. तुला नाही म्हणता येत नाही, तर मीच म्हणते: नाही. सामिसोनीलाही सांगते. आता तरी बस, मान दुखली माझी वर बघून बघून."

लोसालीने ओंडक्याच्या पलीकडे, पोरीसमोर बसली. आकोसिताने झाकणं काढून बाजूला ठेवली आणि मोगरी उचलली. तिचं लक्ष ओंडक्याकडे नव्हतंच. ती आईचं तोंड बघत होती.

"मारू?"

"मार."

ठक् झालं. लोसालीनेने डोळे उघडे ठेवले. आकोसिताने जरा वाट पाहिली आणि मग पुन्हा मोगरी उचलली.